घशातील दोन गाठी आणि मुलांचा दमा

छत्तीसगडात दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांच्या कडेला बोरसी नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुढे इंग्रजी मध्यप्रांताच्या कारभारातही तो नागपूरशीच जोडलेला राहिला. त्यामुळे या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून व अन्य प्रांतांतून आणखी कुटुंबे येथे आली. अशा घरांत आज एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो नागपूर, पुणे वा मुंबईच्या घरांतही तितकाच परिचित आहे. मूल रात्री तोंड उघडे टाकून घोरते, सकाळी उठल्याबरोबर त्याला शिंकांची माळ लागते, आभाळ आले की त्याची छाती वाजू लागते. डॉक्टर सांगतात, टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढलेले आहेत. आजी म्हणते, काढून टाका, दमाही त्याबरोबर जाईल. शेजारचे कोणी म्हणते, चुकूनही काढू नका, काढलेत तर दमा कायमचा मागे लागेल.

ही दोन्ही मते अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. दोन्ही मते गेल्या दीडशे वर्षांत कधी ना कधी शास्त्र म्हणूनच छापली गेली आहेत, आणि दोहोंच्या मागे नामांकित वैद्य उभे राहिले आहेत. एका लहानशा शस्त्रक्रियेचे भाग्य इतक्या वेळा उदयास यावे आणि मावळावे, असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

मुलाने आ केल्यावर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना ज्या गाठी दिसतात त्या टॉन्सिल. तिसरी गाठ, म्हणजे ॲडिनॉइड, नाकाच्या मागे टाळूच्या वर दडलेली असते. आरशाने किंवा दुर्बिणीनेच तिचे दर्शन घडते. श्वासाबरोबर आणि घासाबरोबर जे परके जंतू आत येतात, त्यांची शरीराला लहानपणीच ओळख करून देणाऱ्या या वेशीवरच्या चौक्या होत. १८८४ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर याने या गाठी मिळून घशाभोवती एक कडेच तयार होते, असे दाखविले. मूल साधारण तीन ते सात वर्षांचे असते तेव्हा या गाठी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात, आणि पुढे आपोआप आटत जातात. ॲडिनॉइड तर मिसरूड फुटेपर्यंत बहुधा नाहीसाच होतो. याच वयात पुष्कळ मुलांची छातीची घरघरही ओसरते. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी कोणताही उपचार केला, तरी पुढची दोन-तीन वर्षे गुण आल्यासारखे दिसणारच. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे केवढा घोटाळा झाला, ते पुढे येईलच.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथकार या बाबतीत लक्षणीय संयम दाखवितात. सुश्रुताने मुखरोगांच्या गणनेत तुंडिकेरी, गिलायु, गलशुंडिका इत्यादी विकार वर्णिले आहेत. आवळ्याच्या बीएवढी, घशात अन्न अडकल्यासारखी भासणारी टणक गाठ म्हणजे गिलायु, आणि ती शस्त्रसाध्य होय असे तो सांगतो. तुंडिकेरी म्हणजेच टॉन्सिल असे आजचे अनेक वैद्य मानतात. तिच्यावरही, थोड्या फरकाने, वाढलेल्या पडजिभेचाच विधी सांगितला आहे. तो विधी असा: चिमट्याने पडजीभ पुढे ओढावी आणि मंडलाग्र नावाच्या शस्त्राने ती जिभेवर धरून छेदावी. परंतु किती छेदावी? अधिक छेदल्यास रक्तस्राव होऊन रोगी दगावतो, आणि कमी छेदल्यास सूज, लाळ, झापड व भोवळ येते, असा इशारा लगेच दिलेला आहे. दुसरीकडे चरकाने तमकश्वासाचे, म्हणजे ज्याला आपण दमा म्हणतो त्याचे, जे वर्णन केले ते आजही वाचणाऱ्याला थक्क करते. वायू उलट फिरतो, आधी पडसे उत्पन्न करतो आणि मग घशात घुरघुर सुरू होते. रोग्याला आडवे होववत नाही, बसल्यावर बरे वाटते. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो. नाक आणि छाती यांचे नाते त्याने असे अचूक हेरले होते. तथापि गाठ कापणे हा दम्याचा उपचार म्हणून या ग्रंथांत येत नाही. ती जोडणी पुष्कळ नंतरची आणि परदेशातील आहे.

युरोपात इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या सेल्सस याने टॉन्सिल बोटाने सोडवून काढावेत, न निघाल्यास आकड्याने धरून कापावेत आणि नंतर शिरक्याने घसा धुवावा, असे लिहून ठेवले. भुलीचे औषध नसताना हा प्रकार किती भयंकर असेल याची कल्पनाच करावी. त्यामुळे शतकानुशतके ही शस्त्रक्रिया ग्रंथांत राहिली आणि व्यवहारात क्वचितच आली. १८२८ मध्ये फिलाडेल्फियाचे शस्त्रवैद्य फिलिप सिंग फिजिक यांनी कड्यात बसविलेल्या पात्याचे एक हत्यार वापरात आणले. आपल्या अडकित्त्याशी त्याची तुलना करता येईल. गाठ कड्यात घ्यायची, पाते पुढे सरकवायचे, एका क्षणात काम संपले. पुढे १८४६ नंतर ईथरची भूल आली आणि हात आणखी मोकळा झाला.

ॲडिनॉइडचा शोध मात्र एका बोटाने लागला. कोपनहेगनचा विल्हेल्म मायर हा वैद्य कमी ऐकू येणाऱ्या आणि बोलताना नाक चोंदल्यासारखा आवाज काढणाऱ्या एका तरुण रुग्णाची तपासणी करीत होता. त्याने टाळूमागे बोट घालून पाहिले, तेव्हा तेथे मऊ मांसाचा पुंजका हाताला लागला. त्याने तो खरवडून काढला आणि रुग्णाचे बोलणे व ऐकणे सुधारले. १८६८ मध्ये डॅनिश भाषेत आणि १८७० मध्ये इंग्रजीत त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळकरी मुलांत हा विकार किती आढळतो, याचीही त्याने पाहणी केली. तोंड उघडे, वरचा ओठ आखूड, नाकपुड्या चिंचोळ्या, चेहरा मंद, असे ज्या मुलांचे रूप पूर्वी ‘जन्मतः मठ्ठ’ म्हणून सोडून दिले जाई, ती मुले वस्तुतः नाकाने श्वास घेऊ शकत नव्हती! या शोधाने मुलांवर केवढा उपकार झाला असेल हे सांगावयास नको. १८८९ मध्ये लंडनच्या विल्यम हिल याने मुलांच्या मागासलेपणाच्या कारणांवर लेख लिहून रात्रीच्या कोंडलेल्या श्वासाकडे बोट दाखविले; १८९२ मध्ये ऑस्लर याने आपल्या सुप्रसिद्ध पाठ्यग्रंथात अशा मुलांच्या झोपेचे अत्यंत हुबेहूब वर्णन केले. दुर्दैव असे, की नेमका हाच धागा पुढे सत्तर-ऐंशी वर्षे हरवला.

तो हरवला, कारण शस्त्रक्रियेला त्याहून मोठी स्वप्ने पडू लागली होती. १८७१ मध्ये ब्रेस्लाऊच्या व्होल्टोलिनी याने नाकातील मांसवृद्धी काढल्यावर दमा शमल्याचे प्रसिद्ध केले, आणि दमा हा नाकातून उठणारा प्रतिक्षेप आहे, हे मत रूढ होऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात दुसऱ्या मताची भर पडली. शरीरात कोठेतरी दडलेले पुवाचे केंद्र, मग ते दाताच्या मुळाशी असो वा टॉन्सिलच्या खाचेत, तेथून विष पसरून सांधे, हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस सारे बिघडवते, असे हे मत होते. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज हे त्याचे पुरस्कर्ते. या मतात सत्याचा अंश होता. घशाच्या एका जातीच्या जंतूंमुळे सांधेताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होतात, हे आजही भारतातील मुलांच्या बाबतीत दुःखद सत्य आहे. परंतु अंशाला पूर्ण मानल्यामुळे टॉन्सिल हा सर्व रोगांचा आरोपी ठरला. दम्याच्या मुलाला वेगळा न्याय कसा मिळणार?

त्यातच शाळांमधून मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. इंग्लंडात १९०७ च्या कायद्याने ती आली. आपल्याकडे पहिला मान सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचा. १९०६ मध्ये ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच संस्थानात १९०९ मध्ये शाळकरी मुलांची तपासणी प्रथम करण्यात आली. योजना स्तुत्य होती यात संशय नाही. पण डॉक्टरने चमच्याने जीभ दाबून हजारो मुलांच्या घशात पाहिले, की त्याला मोठ्या गाठी दिसणारच; कारण त्या वयात त्या मोठ्याच असतात. इंग्लंड-अमेरिकेत जे नैसर्गिक होते ते वाढलेले ठरले, आणि जे वाढलेले ठरले ते काढले जाऊ लागले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात तर १९२० नंतरच्या वर्षांत सामुदायिक मोहीम काढून हजारो मुलांचे टॉन्सिल उतरविण्यात आले. भारतात असे झाले नाही, कारण त्या मोहिमांसाठी लागणारे डॉक्टर आणि खाटा येथे नव्हत्याच. १९४६ च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा अभिप्राय दिला होता. म्हणजे येथील गरिबांचे मूल अनावश्यक शस्त्रक्रियेपासून जसे वाचले, तसेच ज्याला तिची खरी गरज होती ते मूलही तिच्यावाचून राहिले. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत मात्र पुढे हीच लाट पोहोचली. टॉन्सिल काढल्यावर भरपूर आइस्क्रीम खायला मिळते, ही आठवण सांगणारे लोक मराठी घरांत आजही भेटतात.

या लाटेला बांध घातला तो नव्या औषधाने नव्हे, तर मोजदादीने. १९३४ मध्ये न्यूयॉर्क शहरात झालेली एक पाहणी या दृष्टीने अविस्मरणीय आहे. अकरा वर्षे वयाच्या १००० मुलांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांपुढे उभी करण्यात आली. त्यांनी १७४ जणांचे टॉन्सिल काढावेत असा सल्ला दिला. ज्या २१५ मुलांना ‘ठीक’ म्हटले होते, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेले. त्यांनी ९९ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. राहिलेल्या ११६ मुलांना तिसऱ्यांदा तपासले, तेव्हा आणखी ५१ जणांची निवड झाली. अखेर हजारांत ६५ मुले शिल्लक राहिली, आणि डॉक्टर संपल्यामुळे पाहणी थांबली. प्रत्येक वेळी सुमारे ४५ टक्के! मुले बदलली तरी प्रमाण बदलले नाही. कारण ते प्रमाण मुलांच्या घशात नव्हते, डॉक्टरांच्या मनात होते.

चार वर्षांनी, १९३८ मध्ये, इंग्लंडात जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनी याहून व्यापक हिशेब मांडला. शेजारशेजारच्या परगण्यांत टॉन्सिल काढण्याचे प्रमाण कित्येक पटींनी भिन्न होते. हवामान, गर्दी, गरिबी, घरांची अवस्था, कशाशीही या फरकाचा मेळ बसेना. उलट सुखवस्तू घरांतील मुलांवरच ही शस्त्रक्रिया अधिक होत होती. लंडनजवळच्या हॉर्न्सी येथे तर शाळेचे वैद्यकीय अधिकारी बदलताच एका वर्षात शस्त्रक्रियांची संख्या दहाव्या हिश्शाहूनही खाली आली, आणि मुलांचे काहीही बिघडले नाही. सरकारी तक्त्यांच्या रखरखीत रकान्यांतून एवढा बोलका पुरावा क्वचितच निघतो.

दम्याच्या मुलांविषयीचा निर्णय त्याआधीच होऊ घातला होता. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. मराठी परिभाषेत त्यालाच अधिहर्षता म्हणतात. परक्या पण निरुपद्रवी पदार्थाशी शरीराने नको तितक्या त्वेषाने लढणे, असा त्याचा अर्थ. गवताचे पराग, घरातील धूळ, जनावरांचा कोंडा यांनी नाकाचे अस्तर सुजते, आणि तीच सूज खाली श्वासनलिकांतही असते, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसचे पिनेस आणि मिलर यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच नाक-घशाची ॲलर्जी हा शस्त्रक्रियेचा विषयच नव्हे, असे ठासून सांगितले. ज्या मुलांवर आधीच शस्त्रक्रिया झाल्या होत्या, ती मुले शिंकत आणि धापा टाकत त्यांच्याकडे येत होती. १९३० मध्ये रॉचेस्टरच्या अल्बर्ट कैसर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या २२०० आणि न झालेल्या तितक्याच मुलांची तीन व दहा वर्षांनंतरची तुलना प्रसिद्ध केली. घसादुखी कमी झाली होती, विशेषतः पहिल्या काही वर्षांत. छातीच्या विकारांत मात्र लाभ दिसला नाही. आजीचे मत तेथे हरले. आणि मग शेजाऱ्याच्या मताला बळ मिळाले: काही ॲलर्जीतज्ज्ञांना असे दिसू लागले की शस्त्रक्रियेनंतर काही ॲलर्जिक मुलांना दम्याचा प्रथमच झटका येतो. वस्तुतः ॲलर्जीचा प्रवास बालपणी बहुधा त्वचा, नाक आणि मग छाती अशा क्रमाने होतोच. शस्त्रक्रिया झाली त्याच वयात दमा प्रकट होणार होता. एका बाजूने आपोआप बरे होण्याचे श्रेय सुरीला दिले गेले, दुसऱ्या बाजूने आपोआप होणाऱ्या आजाराचे खापर सुरीवर फोडले गेले. दोन्हीकडे चूक एकच होती. तुलनेसाठी न कापलेली मुले कोणी पाहत नव्हते.

याच सुमारास एक भयानक गोष्ट उघडकीस आली. पोलिओची साथ चालू असताना टॉन्सिल काढलेल्या मुलांना मेंदूच्या मुळाशी होणारा पोलिओ अधिक होतो. १९४१ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे एकाच कुटुंबातील पाच भावंडांचे टॉन्सिल एकदम काढण्यात आले; पाचांनाही पोलिओ झाला आणि तिघे दगावली. त्यानंतर साथीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया बंद ठेवण्याचा दंडक पडला. वेशीवरची चौकी उठवली, की शत्रू कसा आत शिरतो हे त्यावरून दिसले. तरीही सवय सुटता सुटेना. पेनिसिलीन आल्यावर घशाचा ताप चार दिवसांत उतरू लागला होता, आणि तरी १९५९ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे १४ लाख शस्त्रक्रिया झाल्या. १९६९ मध्ये एका अमेरिकन लेखकाने तिला सरळ ‘विधी’ म्हटले. मुंज किंवा जावळ असावे तसा बालपणाचा एक संस्कार. १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांनी अखेर काटेकोर कसोटी लावली. वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा गंभीरपणे धरला, तरच शस्त्रक्रियेचा लाभ होतो. आणि तोही बेताचाच. जगभर संख्या झपाट्याने उतरली.

येथे हा इतिहास संपावयास हवा होता. पण हरवलेला धागा पुन्हा सापडला. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गिलेमिनो यांनी आठ मुलांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले झोपेत घोरत, मध्येच त्यांचा श्वास थांबे, रक्तातील प्राणवायू खाली जाई, आणि दचकून जाग येऊन पुन्हा श्वास सुरू होई. दिवसा ती चिडचिडी, मागासलेली, अंथरुणात लघवी करणारी. मायर आणि ऑस्लर यांनी पाहिलेलीच ही मुले. आता त्यांची रात्र यंत्राने मोजली गेली होती. तेव्हापासून या शस्त्रक्रियेचे मुख्य कारण बदलले. तापाऐवजी श्वास, आणि दिवसाऐवजी रात्र, हा निकष झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात झोपेत श्वास अडणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली गेली. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी निर्दोष आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्के मुले आपोआप सुधारली होती. वय हाही एक धन्वंतरी आहे, हे येथे आकड्याने सिद्ध झाले.

मग दम्याचे काय? एकदा निकालात निघालेला हा खटला २०१४ मध्ये पुन्हा उभा राहिला. अमेरिकेतील विमा-नोंदींवरून शस्त्रक्रिया झालेल्या १३,५०६ दमेकरी मुलांची तुलना न झालेल्या २७,०१२ दमेकरी मुलांशी करण्यात आली. पहिल्या गटात शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात दम्याचे तीव्र झटके सुमारे ३० टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटात ही घट जेमतेम २ टक्के होती. हा प्रयोग नव्हे, नोंदींचा अभ्यास आहे. तेव्हा त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तरीपण त्याची संगती लागते. रात्रभर कोंडलेला श्वास, तोंडाने आत जाणारी थंड कोरडी हवा, घशातली सततची सूज, यांनी आधीच हळव्या झालेल्या श्वासनलिका अधिक बिथरतात. म्हणजे गाठ दम्याचे मूळ नव्हे. पण ज्या दमेकरी मुलाचा श्वास रात्री खरोखर अडतो, त्याच्या दम्यावरील एक ओझे ती काढल्याने उतरू शकते. आजीचे मत सर्वस्वी खोटे नव्हते. ते फार थोड्या मुलांना लागू होते, एवढेच.

ॲलर्जीचे मूल येथेही वेगळेच राहते. त्याचा ॲडिनॉइड काढला तरी नाकाचे अस्तर सुजलेलेच असते, आणि मग चार महिन्यांत मूल पुन्हा तोंड उघडे टाकून झोपते. १९६४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे व्होरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्या धुळीतील सूक्ष्म किडा हा ॲलर्जीचा मुख्य कर्ता असल्याचे दाखविले. हा किडा गाद्या-गोधड्यांत राहतो आणि दमट हवेत फोफावतो. छत्तीसगडचा पावसाळा त्याला मानवतो यात नवल नाही. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेत भरलेले गाजरगवत आज देशभर रेल्वेमार्गांच्या कडेने पसरले आहे. भिलाई-दुर्गच्या पट्ट्यात भट्ट्यांचा आणि वाहनांचा धूर, भाताच्या मळणीचा कोंडा, आणि हिवाळ्यात बाळ-बाळंतिणीला शेकण्यासाठी खोलीत ठेवली जाणारी छत्तीसगडी गोरसी, म्हणजे शेगडी, यांची भर पडते. मुलांच्या दम्याची जगभर जी मोठी पाहणी १९९० च्या दशकात झाली, तिच्यात अकोला, पुणे, बोरिवली ही मराठी मुलखातली ठिकाणेही होती. भारतातील प्रमाण इंग्लंड वा न्यूझीलंडच्या मानाने कमी निघाले. पण आपल्या मुलांची संख्याच एवढी, की कमी प्रमाणाचाही गुणाकार मोठाच होतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तेव्हा तपासावयाच्या विकारांच्या यादीत कानाचा दाह, संधिवाती हृदयरोग आणि श्वासनलिकांचा आकुंचनविकार हे तिन्ही होते. बडोद्यापासून पालघरपर्यंतचा हा प्रवास शंभर वर्षांचा आहे.

सुरीऐवजी फवारा हा पर्याय या काळातला. नाकात मारावयाच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याने ॲलर्जीची सूज उतरते आणि ॲडिनॉइडही काही मुलांत लहान होतो. पण येथेही मोजदादीने एक गंमत केली. २०२३ मध्ये मेलबर्न येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. घोरणाऱ्या २७६ मुलांपैकी निम्म्यांना औषधी फवारा आणि निम्म्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचा फवारा सहा आठवडे देण्यात आला होता. औषधाने ४४ टक्के मुलांची लक्षणे गेली, आणि मिठाच्या पाण्याने ४१ टक्के मुलांची. जलनेतीची परंपरा ज्यांच्या घरात आहे त्यांना याचा आनंद वाटेल, आणि तो वाटण्यास हरकत नाही. मात्र ज्याला ॲलर्जीचे निदान झाले आहे किंवा ज्याचा श्वास रात्री थांबतो, त्याला नुसत्या मिठाच्या पाण्यावर ठेवणे शहाणपणाचे होणार नाही.

मायरच्याच डेन्मार्कने २०१८ मध्ये या प्रकरणात आणखी एक पान जोडले. १९७९ ते १९९९ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल काढलेल्यांना तिशीपर्यंत श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे विकार होण्याचा संभव दोन ते तीन पटींनी अधिक आढळला. जी मुले आधीच आजारी होती तीच शस्त्रक्रियेसाठी निवडली गेली असणार, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो अभ्यासकांनाही ठाऊक होता. पण लहान वयात चौकी उठविण्याचा निर्णय हलक्या हाताने घेऊ नये, एवढे तरी त्यातून निघतेच. आज अनेक शस्त्रवैद्य टॉन्सिल समूळ न काढता त्याचा वाढलेला भाग तेवढा उतरवितात आणि सालीसारखा थर मागे ठेवतात. त्यात रक्तस्राव व वेदना कमी असतात.

बोरसीच्या मुलाला आज भिलाईच्या सेक्टर ९ मधील रुग्णालयात किंवा २०१२ मध्ये सुरू झालेल्या रायपूरच्या आयुर्विज्ञान संस्थेत नेता येते. कान-नाक-घसा तज्ज्ञ घशातील गाठीचा आकार पाहतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. मूल झोपेत श्वास थांबवते का, दचकून उठते का, याची चौकशी करतात आणि आईवडिलांना त्याच्या झोपेचे चित्रण मोबाइलवर करून आणावयास सांगतात. दमेकरी मुलाचा दमा आधी पंपाने आटोक्यात आणला जातो; सर्दी-ताप असेल तर भूल देणे काही आठवडे पुढे ढकलले जाते, कारण तशा वेळी श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांना वेदनेसाठी कोडीन देऊन काही मृत्यू ओढवल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेने त्यावर कडक इशारा दिला, तेव्हापासून ते औषध टाळले जाते. घशात पांढरी खपली धरते. ती सुटताना, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, रक्त येण्याचा संभव असतो, म्हणून त्या दिवसांत मुलाला रुग्णालयापासून लांब, गावी वगैरे नेत नाहीत. आणि घोरणे थांबले तरी दम्याचा पंप लगेच बंद केला जात नाही. एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ दिला जातो, मग त्याची मात्रा पुन्हा पाहिली जाते.